नाताळ घरी करून जाऊ, की आधीच निघू?

पुण्याहून एका 22 वर्षांच्या मुलाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याची अडचण थोडक्यात देते.

घर प्रोटेस्टंट. आईचं माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. घरी आई आणि आजी. थोरली बहीण लग्न होऊन नाशिकला. कॉलेजात असताना एका मित्राबरोबर तो 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'च्या, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांच्या, सभांना जाऊ लागला आणि पुढे तिथे बाप्तिस्मा घेतला. आता त्याला दोन वर्षांच्या मिशनचा कॉल, म्हणजे धर्मप्रसारासाठी बाहेर जायचं चर्चचं बोलावणं, आला आहे. फिलिपिन्समधला सेबूचा भाग, भाषा सेबुआनो, हजर व्हायचं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आई एवढंच म्हणते, "नाताळ तरी घरी करून जा." एकदा रागाच्या भरात म्हणाली, "ज्या चर्चमध्ये क्रूससुद्धा नाही, त्यांचा नाताळ कसला?" मावशी म्हणते, "ख्रिस्ती लोकांच्याच देशात जाऊन तू त्यांना ख्रिस्ताबद्दल काय सांगणार?" त्याचे प्रश्न असे: तारीख जानेवारीवर नेऊन मागू का? मागितली तर माझा विश्वास कच्चा ठरेल का? आणि गेलोच, तर ऐन नाताळात परक्या लोकांची दारं वाजवत फिरायच्या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा येतो. मग मी या कामाला लायक आहे का?

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी कॅलेंडर घेऊन बसले, कारण तुझा पहिला प्रश्न तारखेचा आहे. तुझं मिशन 24 महिन्यांचं. नोव्हेंबरमध्ये निघालास तर यंदाचा आणि पुढचा असे दोन नाताळ तू बाहेर असशील आणि तिसऱ्याला घरी. जानेवारीत निघालास तर यंदाचा घरी, पण पुढचे दोन बाहेर. म्हणजे दोन्हीकडे चुकणार आहेत ते दोनच. जानेवारी मागून आईला एक नाताळ जास्तीचा मिळत नाही, फक्त क्रम बदलतो. हे आईपुढे कागदावर मांडून दाखव. तिला पटवायला म्हणून नको. "नाताळ करून जा" असं ती म्हणते तेव्हा तिच्या मनात नक्की काय आहे, हे त्यातून तुम्हा दोघांनाही कळेल म्हणून दाखव.

मला वाटतं, तिच्या मनात तारीख नाहीच. वडील गेल्यानंतरचे नाताळ तुम्ही तिघांनी कसेबसे पार पाडले असतील. त्यातच तू तिच्या मंडळीतून उठून दुसऱ्या मंडळीत गेलास. रविवारी सकाळी चर्चच्या बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी राहते. कदाचित पाळकांनी काही विचारलं असेल, कुणी कुजबुजलं असेल. हे सगळं ती तुला कोणत्या शब्दांत सांगणार? नाताळाबद्दल बोलणं तिला सोपं जातं. "नाताळ तरी घरी करून जा" यातला 'तरी' मला फार बोलका वाटला. एवढं सगळं सोडलंस, निदान हे तरी सोडू नकोस, असं ती म्हणते आहे. याला 'नोव्हेंबर' किंवा 'जानेवारी' हे उत्तर होऊच शकत नाही. तू अजून तिचाच आहेस का, हा तिचा प्रश्न आहे आणि त्याला तोंडाने, स्पष्ट, एकापेक्षा जास्त वेळा उत्तर द्यावं लागेल.

आता क्रुसाबद्दल. तुझ्या चर्चच्या सभागृहात क्रूस लावत नाहीत, हे खरं. भाकरीबरोबर द्राक्षारसाऐवजी पाणी देतात, हेही आईला खटकलं असेल. बायबलबरोबर 1830 मध्ये छापलेला आणखी एक ग्रंथ तुम्ही पवित्र मानता आणि त्रैक्याचं तत्त्व, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे, इतर ख्रिस्ती मंडळ्यांसारखं मानत नाही, म्हणून पुष्कळ मंडळ्या तुमचा बाप्तिस्मा धरत नाहीत. हे मतभेद खरे आहेत आणि मोठे आहेत. "आई, सगळं एकच आहे गं" असं म्हणून ते झाकू नकोस. तिने आयुष्यभर ज्या उपासनेत जीव लावला, तिला तू हलकं समजतोस असं तिला वाटेल. मतभेद मान्य कर आणि थांब. जिंकायचा प्रयत्न नको. दोन वर्षं तू अनोळखी लोकांना आपला विश्वास समजावून सांगणार आहेस. या दोन महिन्यांत आईला समजावण्याची कामगिरी स्वतःवर घेऊ नकोस.

त्याऐवजी आजीजवळ बस आणि तिला विचार, आपल्या घरात पहिला नाताळ कुणी केला?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तुझ्या घराची गोष्ट बहुधा अमेरिकन मराठी मिशनशी जाऊन भिडेल. अमेरिकेहून निघालेली ती माणसं 1813 मध्ये मुंबईत उतरली आणि 1831 पासून अहमदनगरला राहू लागली. त्यातल्या सिंथिया फरार 1827 च्या डिसेंबरअखेरीस मुंबईत पोचल्या, एकट्या, अविवाहित. पुढे त्यांनी नगरला मुलींना शिकवलं. तुझ्या पणज्या-खापरपणज्यांना शुभवर्तमान सांगणारी ही माणसंही आपापल्या आईला बंदरावर सोडून आली होती. त्यांना परतीची तारीखसुद्धा ठाऊक नव्हती.

आणखी एक गोष्ट तुझ्या आईलाही नवी वाटेल. हे लोक अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या ज्या काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते अशा प्रोटेस्टंट) परंपरेतून आले, तिच्यात नाताळ पाळायची रीतच नव्हती. बायबलमध्ये आज्ञा नाही तो सण कशाला, असं ते मानत. त्यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला होता. तो 1681 मध्ये उठला, पण 25 डिसेंबरची सुटी कायद्याने मिळायला 1856 साल उजाडलं. तेव्हा आज तुझ्या घरी जो नाताळ होतो, त्यातलं बरंचसं त्या पहिल्या मिशनऱ्यांनी दिलेलं नाही. करंज्या, चकल्या, अनारसे तर सरळ दिवाळीतून आले. दारावरचा कागदी ताराही आकाशकंदिलाचा भाऊच वाटतो. तुमच्या घरात जो पहिला ख्रिस्ती झाला, त्याच्या आईने फराळाचा डबा पुढे ठेवून कधीतरी म्हटलंच असेल, "दिवाळी तरी घरी कर." त्या घरांमध्ये दुरावा आला, काही ठिकाणी कायमचा आला, काही ठिकाणी वेळ जाऊन भरला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला, आणि त्यांचा बाप्तिस्मा व्हायला 1900 साल आलं. मराठी ख्रिस्ती घरात ही गोष्ट कुणाला ठाऊक नसते?

पण सांभाळ. ही गोष्ट भांडणात वापरू नकोस. "तुमच्या पूर्वजांनी घर सोडलं ते चाललं, मग मी गेलो तर काय झालं?" असं एकदा तोंडातून गेलं की आजीची आठवणही दुखावेल आणि आईही. तू फक्त ऐक. आजीला सांगू दे, आईलाही तिथे बसू दे. तू ज्या रांगेत उभा आहेस ती रांग घरातच आहे, हे त्यांना आपणहून जाणवलं तर जाणवेल.

मावशीच्या प्रश्नाकडे येते, कारण तो टोमणा म्हणून आला असला तरी प्रश्न बरोबर आहे. फिलिपिन्समध्ये सुमारे 80 टक्के लोक कॅथलिक आहेत. नाताळ त्यांच्याइतका लांब कुणी करत नाही. सप्टेंबर लागला की दुकानांत गाणी सुरू होतात. बांबू आणि कागदाचे तारे, त्यांना तिथे पारोल म्हणतात, खिडक्याखिडक्यांत लागतात. गोव्यात डिसेंबरमध्ये फिरला असशील तर तुला ते ओळखीचे वाटतील. 16 ते 24 डिसेंबर रोज पहाटे अंधारात मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, असते. तुझ्या सेबूच्या भागात तिला मिसा दे गालो म्हणतात. ती आटोपून लोक बाहेर पडतात तेव्हा गरम खाणं मिळतं: नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट तांदूळ, त्याबरोबर सिक्वाते, म्हणजे दाट गरम चॉकलेट. चहा-कॉफी तू सोडली आहेस, हे तुला चालेल. मुलं बाटल्यांची बुचं तारेत ओवून त्यांची खुळखुळी करतात आणि दारोदार गात फिरतात. 24 ला मध्यरात्री घरोघर जेवण. आणि तिथेच संपत नाही. सेबूमध्ये जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी बाळ येशूचा, सांतो निन्योचा, मोठा उत्सव होतो. ती मूर्ती 1521 मध्ये मॅगेलनने दिलेली, असं तिथले लोक श्रद्धेने सांगतात.

या लोकांकडे तू गळ्यात टाय आणि छातीवर काळी नामपट्टी लावून जाणार. त्यांना ख्रिस्ताची माहिती नाही असं धरून गेलास तर मावशीचं म्हणणं खरं ठरेल. तुझं चर्च तुला जे सांगायला पाठवतं ते तू सांगशीलच, त्यावर मी बोलणार नाही. ते तुझं आणि ऐकणाऱ्याचं. पण निदान डिसेंबरमध्ये आधी विचारणारा हो. तुमच्याकडे हे कसं करता? ही मूर्ती कुणी दिली? आजोबा होते तेव्हा काय करायचात? यजमानांच्या देव्हाऱ्यावर, मिस्सेवर, मूर्तीवर शेरा मारू नकोस, मनातसुद्धा. जेवायला बोलावलं असेल तर जेवायला जा आणि जेवून, भांडी उचलू लागून, आभार मानून परत ये. त्या जेवणाचं धड्यात रूपांतर करायची घाई नको. उद्या तुझ्या आईकडे कुणी परका तरुण नाताळच्या दिवशी आला, तर त्याने कसं वागावं असं तुला वाटेल? तेवढं मोजमाप पुरे.

दारं वाजवण्याची तुझी भीती मला त्यामुळेच चांगली खूण वाटली. दुसऱ्याच्या सणात आपण अडथळा होऊ नये, असं वाटणारा मुलगा या कामाला नालायक कसा? प्रत्यक्षात 24 आणि 25 ला मिशनरी बहुतेक वेळ आपल्याच मंडळीतल्या कुटुंबांकडे, आजाऱ्यांकडे, एकट्या राहणाऱ्यांकडे जातात. त्या सुमारास आसपासचे मिशनरी एकत्र येऊन गाणी, खेळ, छोटी नाटुकली करतात. तुझं चर्च 2016 पासून दर डिसेंबरला सेवेची एक मोहीम चालवतं, त्यातही कामं असतात. फिलिपिन्समध्ये काम अंगावर येतं ते कधीकधी वादळामुळे. 2021 मध्ये 16 डिसेंबरला, पहाटेच्या मिस्सा सुरू झाल्या त्याच दिवशी, राय वादळ, तिथे त्याला ओदेत म्हणतात, सेबू-बोहोलवर येऊन आदळलं. त्या वर्षी तिथल्या कित्येक घरांवर नाताळला छप्पर नव्हतं. असं काही झालं तर शब्दांपेक्षा हातांची गरज असेल.

वादळाचा विषय निघाला म्हणून आईसाठी एक सोय आत्ताच कर. मिशन ऑफिसचा फोन नंबर आणि ईमेल मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लाव. बातमीत 'फिलिपिन्स' शब्द दिसला की ती घाबरणार. सेबू कुठे आणि बाकीची बेटं कुठे, हे नकाशावर तिला दाखवून ठेव. वीज आणि नेटवर्क जाईल, तेव्हा बातमी न येणं म्हणजे वाईट बातमी नव्हे, हे आधी बोलून ठेव. हे सगळं निघायच्या आदल्या रात्री नको, या आठवड्यात कर.

आईला कुणीतरी सांगितलं असेल की मिशनवरच्या मुलांना घरी फोनही करू देत नाहीत. पूर्वी खरंच तसं होतं, वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला, बाकी पत्रं. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला, आपल्या तयारीच्या दिवशी (आठवड्यातला स्वतःच्या कामांचा दिवस), घरी व्हिडिओ कॉल करता येतो. ही एक गोष्ट तिच्या मनावरचं अर्धं ओझं उतरवेल. सेबूचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पुण्यात सकाळची उपासना आटोपून ती साडेदहाला घरी आली, तर तुझ्याकडे दुपारचा एक वाजलेला असेल. संध्याकाळी सहाला तुझ्याकडे साडेआठ, तोवर तुला खोलीवर परतायची घाई असेल. नाताळच्या कॉलची वेळ मिशन प्रेसिडेंटना, म्हणजे तिथल्या मिशनच्या प्रमुखांना, विचारून आधी पक्की कर आणि ताईला त्या वेळी नाशिकहून पुण्याला यायला सांग. आई आणि आजी दोघीच फोन हातात घेऊन बसल्या आहेत, असं चित्र नको. घरात माणसं हवीत.

त्या कॉलवर काय बोलायचं, याचाही विचार करून ठेव, कारण नाताळच्या दिवशीचा फोन अवघड असतो. बोलायचं भरपूर असतं आणि पहिल्या पाच मिनिटांत दोघांचेही डोळे भरतात. एकत्र प्रार्थना करा, आणि ती आईला करू दे, तिच्या पद्धतीने, तिच्या शब्दांत. तू फक्त आमेन म्हण. मंडळी बदलली तरी आईच्या प्रार्थनेखाली डोकं वाकवायला तुला कुणी अडवलेलं नाही. मला वाटतं, तिला ज्या उत्तराची गरज आहे ते हेच.

आता फराळ. पार्सल पाठवायचं आईच्या मनात येईलच. नको म्हण. तिथवर पोचायला किती आठवडे लागतील याचा नेम नाही, कस्टममध्ये अडकतं आणि करंज्यांना वास लागतो. त्याऐवजी पुढचे दोन महिने तिच्या हाताखाली करंजी शिक. ओल्या नारळाची. सेबूला नारळाला तोटा नाही, मैदा मिळतो, गडद साखर मिळते. तिथले लोकही ओलं खोबरं गोड पाकात आटवून बुकायो करतात, तेव्हा सारणाची चव त्यांना परकी वाटणार नाही. मोदकाला वेलची लागते तशी करंजीलाही लागेल. ती पुडी बॅगेत घेऊन जा. 23 तारखेला किंवा त्याआधीच्या तयारीच्या दिवशी खोलीवर करंज्या कर आणि ज्या घरी जाशील तिथे घेऊन जा. सारण शिकवताना तुम्ही मायलेक स्वयंपाकघरात तासतासभर शेजारी उभे असाल. समोरासमोर बसून न निघणारं बोलणं तिथे निघतं.

तुझ्याच चर्चच्या इतिहासातली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. 1843 च्या नाताळला, इलिनॉयमधल्या नाऊवू गावी, रात्री एकच्या सुमाराला चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या खिडकीखाली काही माणसं येऊन गाऊ लागली. पुढे होती लेटिस रश्टन, इंग्लंडहून आलेली एक विधवा, सोबत मुलं, सुना, जावई आणि शेजारी. नवा धर्म स्वीकारून ती समुद्रापलीकडे आली होती, पण नाताळच्या रात्री दारोदार गायची आपल्या गावची रीत तिने सोडली नव्हती. जोसेफ स्मिथ न्यू इंग्लंडच्या त्याच मातीतला, जिथे नाताळाचं फारसं कौतुक नव्हतं. त्याला जाग आली आणि त्या गाण्याने तो हरखून गेला, अशी नोंद आहे. तेव्हा आईच्या मंडळीतलं, लहानपणापासून पाठ असलेलं मराठी नाताळगीत तूही तिथे म्हण. टाळ्यांच्या ठेक्यावर, भजनाच्या चालीवर. तुझ्या चर्चमध्ये ते कुणाला ठाऊक नसेल म्हणून लाजू नकोस. आणि तू ते म्हटलंस, हे आईला कळव.

घरची आठवण येण्याबद्दल. खऱ्या मिशनऱ्याला ती येऊ नये, अशी तुझी समजूत पत्रातून दिसते. येते. सकाळी साडेसहाला उठल्यापासून रात्री साडेदहापर्यंत दिवस भरलेला असतो, म्हणून ती दिवसा कळत नाही. रात्री दिवा मालवल्यावर येते. तू नोव्हेंबरमध्ये गेलास तर एक जादा अडचण आहे, ती तुझ्यापासून लपवणार नाही. पहिले काही आठवडे प्रशिक्षण केंद्रात भाषा शिकण्यात जातील आणि ऐन नाताळाच्या सुमाराला तू नव्या गावात, नव्या सोबत्याबरोबर, तोडक्यामोडक्या सेबुआनोत उभा असशील. त्या दिवसांत सगळं एकदम जड वाटेल. जानेवारीत गेलास तर पहिला नाताळ येईपर्यंत भाषा जिभेवर रुळलेली असेल, चार घरं ओळखीची झालेली असतील. जानेवारी मागायला हे एक रास्त कारण आहे. 'विश्वास कच्चा' वगैरे प्रश्न यात येतच नाही. तुमच्याकडे शिक्षण, प्रकृती, घरची अडचण यासाठी तारीख पुढेमागे होते, आणि विचारण्यात कमीपणा नाही.

तुझा सोबतीही घर सोडूनच आलेला असेल, मग तो युटाहचा असो, टोंगाचा असो की लुझोनचा. चोवीस तास तुम्ही एकत्र राहणार आणि कित्येक सोबती एकमेकांच्या घराबद्दल कधी विचारतच नाहीत. तू विचार. त्याच्या घरचं एक काही आणि तुझ्या घरचं एक काही, अशा दोन गोष्टी त्या दिवशी करा. आणि मन फारच खचलं, झोप उडाली, जेवण जाईना, तर ते प्रार्थनेने निभेल म्हणून आठवडेच्या आठवडे दाबून ठेवू नकोस. मिशन प्रेसिडेंटना आणि त्यांच्या पत्नींना सांग, डॉक्टर किंवा समुपदेशक माग. वेळेआधी परत यावं लागलं तरी तू परत येऊ शकतोस. तुमच्या मंडळीत अशा मुलांकडे काही जण वेगळ्या नजरेने बघतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच आईला आत्ताच विचारून ठेव: मी मधेच परत आलो तर? ती काय म्हणेल हे मी सांगू शकते, पण ते तू तिच्या तोंडून ऐकलेलं असावंस.

एक प्रश्न मात्र मी तुलाच विचारणार. जायचं तुझ्या मनात आहे ना? तुमच्या चर्चमध्ये तरुण मुलांनी जावं अशी अपेक्षा असते, मित्र जात असतात, आणि कॉलचं पत्र उघडताना सगळे भोवती जमून टाळ्या वाजवतात. या भरात होकार निघून गेला असेल, तर तारखेचा घोळ ही मनाने शोधलेली पळवाट असू शकते. आठवडाभर कुणाशी न बोलता यावर विचार कर. उत्तर 'हो' आलं तर आईसमोर जाताना तू डगमगणार नाहीस. 'नाही' आलं तर जानेवारी मागण्याऐवजी ते खरं उत्तर दे.

पुण्यासाठी तुझं चर्चही तसं नवं नाही, हे जाता जाता. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी 1851 मध्ये मुंबईत आला, पुढे पुण्यात राहिला, छोटी मंडळी जमवली. ते काम काही वर्षांतच थांबलं. परक्या शहरातले त्याचे डिसेंबर कसे गेले असतील, हे तुला सेबूला गेल्यावर माझ्यापेक्षा जास्त कळेल.

तुझ्यासारखी पत्रं मला इतरांचीही येतात: बोटीवर नोकरीला लागलेली मुलं, आखाती देशात नर्सिंगला निघालेल्या मुली, दिवाळी चुकणार म्हणून आधीच रडणारे विद्यार्थी. त्यांच्या घरच्यांना एक सांगते. "सण करून जा" म्हणण्याऐवजी जे मनात आहे ते बोला. भीती वाटते म्हणा, राग आलाय म्हणा, एकटं पडेन म्हणा. आणि जाणाऱ्यांनी, फोनची वेळ ठरवून घेतल्याशिवाय आणि सणाच्या दिवशी घरात आणखी कोण असेल हे पाहिल्याशिवाय बॅग भरू नये.

तू माझं मत विचारलं आहेस. आजीची तब्येत हा एकच मुद्दा मला निर्णायक वाटतो. तिचं वय पत्रात नाही, पण "आजीला आता चालवत नाही" असं एका ओळीत तू लिहिलं आहेस. डॉक्टरांशी स्पष्ट बोल. पुढची दोन वर्षं तिला कठीण जाणार असतील, तर यंदाचा नाताळ तिच्याजवळ कर, जानेवारी माग, आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. ती ठीक असेल तर नोव्हेंबरमध्ये जा. मग तिसऱ्या नाताळला तू घरी असशील, हे आईला आत्ताच सांगता येतं. काहीही ठरलं तरी ब्रँच प्रेसिडेंटना, म्हणजे तुझ्या इथल्या मंडळीच्या प्रमुखांना, या रविवारीच भेट. तिकीट निघाल्यानंतर तारीख बदलायला सगळ्यांचीच धावपळ होते. आणि भेटायला जाताना आईला विचार, ती बरोबर येते का.